दुबईत शिक्षिकेची नोकरी: पगाराआधी घराचा हिशेब

प्रश्न असा आला आहे: "मी ३१ वर्षांची, गणिताची शिक्षिका. बीएड, ७ वर्षांचा अनुभव. दुबईतल्या एका सीबीएसई शाळेची ६,५०० दिरहमची ऑफर आली आहे. बेसिक ३,०००, घरभाडे भत्ता २,२००, बाकी प्रवास आणि इतर. भत्ता नको असेल तर शाळा राहायला जागा देते, दुसऱ्या शिक्षिकेबरोबर शेअरिंगमध्ये. नवरा आणि ४ वर्षांची मुलगी सोबत येतील, नवरा तिथे येऊन नोकरी शोधेल. एवढ्यात भागेल का? निम्मा पगार शिल्लक पडेल असं धरून चाललोय."

ताई, आधी सरळ उत्तर देते, मग कारणं. तिघांचं, एका पगारात, दुबई शहरात स्वतंत्र घर घेऊन भागणार नाही. शिल्लक तर पडणारच नाही, उलट गावाकडून पैसे मागवायची वेळ येईल. पण म्हणून ऑफर टाकून देऊ नका. पहिलं वर्ष, निदान पहिले सहा-आठ महिने, तुम्ही एकट्या या, शाळेची जागा घ्या, आणि नवऱ्याची नोकरी पक्की झाल्यावर घर करा. हे ऐकायला जड आहे, मला ठाऊक आहे. ४ वर्षांच्या लेकीला मागे ठेवून या असं मी उगाच सांगणार नाही. म्हणूनच हिशेब सगळा मांडते, तुम्ही दोघांनी बसून तो तपासा.

मी दुबईत १७ वर्षं शिकवते आहे. गेली काही वर्षं नव्या शिक्षकांना घर, विजेचं मीटर, व्हिसा यात मदत करायचं कामही माझ्याकडे असतं. या काळात एक गोष्ट वारंवार पाहिली. मुलाखतीत लोक पगारासाठी दोनशे-तीनशे दिरहमची घासाघीस करतात, आणि घराबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. इथे तुमचं वर्ष कसं जाणार हे घरावर ठरतं.

पहिली गोष्ट समजून घ्या. दुबईत भाडं वर्षाचं असतं. जाहिरातीत ६०,००० लिहिलंय म्हणजे वर्षाला ६०,०००. आणि ते महिन्याच्या महिन्याला देण्याची पद्धत नाही. करार करतानाच पुढच्या तारखांचे चेक लिहून द्यायचे. कुणी एकच चेक मागतो, कुणी दोन, कुणी चार, काही ठिकाणी सहा किंवा बारा चालतात. चेक जितके कमी तितकं भाडं थोडं कमी होतं, म्हणून ज्याच्याकडे रोख आहे त्याला घर स्वस्त पडतं आणि ज्याच्याकडे नाही त्याला महाग. नव्या शिक्षिकेकडे ती नसतेच.

माझं पहिलं स्वतःचं घर दुबईच्या कुसैस भागात होतं. एजंटच्या टेबलावर चार चेक ओळीने मांडले होते. पहिल्यावर त्या दिवसाची तारीख, पुढच्यांवर तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. चेक क्रॉस करायचा, मालकाचं नाव त्याच्या पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं, सही बँकेतल्या नमुन्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. तिसऱ्या चेकवर माझी सही जरा तिरकी गेली तर एजंटने तो फाडून दुसरा लिहायला लावला. तोवर आयुष्यात मी इतक्या रकमेचा एकही चेक लिहिला नव्हता, आणि इथे चार लिहिले, त्यातले तीन अशा पैशांचे जे अजून मिळवायचेच होते. घरी परतताना बसमध्ये एकच विचार चालू होता, की आता या चार तारखा मोबाईलमध्ये नाही, भिंतीवर लिहायच्या. आजही मी नव्या शिक्षिकांना हेच करायला सांगते. २०२२ पासून कायदा बदलला आहे, खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर तो बहुतेक बाबतीत आता फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पण मालक तो चेक घेऊन थेट अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतो आणि प्रकरण प्रवासबंदीपर्यंत पोहोचू शकतं. उन्हाळ्याच्या सुट्टीला निघालेल्या बाईला विमानतळावर अडवलं जाणं ही कल्पना करून बघा.

आता उदाहरणादाखल ६०,०००चा एक बेडरूमचा फ्लॅट धरू. हा आकडा मी हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलाय. इमारत, भाग आणि वर्ष यांप्रमाणे तो खालीवर होतो, आणि २०२१ नंतर इथली भाडी चांगलीच चढली आहेत. किल्ली हातात येण्याआधी काय द्यावं लागतं बघा. चार चेक ठरले तर पहिला १५,०००चा. एजंटचं कमिशन साधारण ५ टक्के, म्हणजे ३,०००, त्यावर ५ टक्के व्हॅटचे १५०. डिपॉझिट, बिनसामानाच्या घराला साधारण ५ टक्के म्हणजे आणखी ३,०००. सामानासकट घर असेल तर १० टक्के मागतात. मग कराराची सरकारी नोंद, जिला इजारी म्हणतात, तिचे साधारण दोनशे. मग वीज-पाण्याचं कनेक्शन. ते दुबई विद्युत आणि जल प्राधिकरणाकडून घ्यायचं, बोलताना सगळे त्याला 'देवा' म्हणतात. तिथे फ्लॅटसाठी २,००० अनामत. बेरीज २३,३०० च्या पुढे गेली, आणि घरात अजून एक गादीसुद्धा नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅस, पडदे धरलेले नाहीत. तुमचा साडेतीन महिन्यांचा सगळा पगार आहे हा.

महिन्याचा हिशेब त्याहून कडक. ६०,०००ला बाराने भागलं की ५,०००. शिवाय 'देवा'च्या बिलात दर महिन्याला हाऊसिंग फी येते, वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, बारा हप्त्यांत. म्हणजे २५० दिरहम, एक दिवा न लावता. ही फी नव्या माणसाला कुणी सांगत नाही आणि पहिलं बिल आलं की मला फोन येतो, "मॅडम, मीटर बिघडलंय का?" मीटर ठीक असतं. ५,२५० वजा केले की तुमच्याकडे १,२५० उरले, त्यात वीज, इंटरनेट, तिघांचं खाणं, मुलीचं दूध, डॉक्टर. शाळेचा २,२००चा भत्ता वर्षाला २६,४०० होतो. ६०,०००पुढे तो निम्माही नाही.

जाहिरातीत 'चिलर फ्री' हा शब्द दिसेल तर थांबून वाचा. इथे एसी ही चैन नाही, मे ते सप्टेंबर तो रात्रंदिवस चालतो. काही इमारतींत थंड हवेचा खर्च मालक उचलतो, त्याला चिलर फ्री म्हणतात. काही इमारतींत केंद्रीय थंड पाण्याची यंत्रणा असते, तिचं बिल 'देवा'पेक्षा वेगळं येतं, तिची अनामतही वेगळी. आणि जुन्या इमारतींत खिडकीचा किंवा स्प्लिट एसी असतो, तो तुमच्या विजेच्या बिलात. भाडं दोन हजाराने कमी असलेला फ्लॅट चिलरच्या बिलाने तीन हजाराने महाग पडलेला मी पाहिलाय. घर बघायला गेलात की इमारतीच्या नातूरला, म्हणजे वॉचमनला, विचारा: वर राहणाऱ्यांना ऑगस्टमध्ये बिल किती येतं? एजंटपेक्षा तो खरं सांगतो.

यात आणखी एक अडचण आहे, तिचा विचार बहुतेक जण करत नाहीत. चेक लिहायला चेकबुक लागतं. चेकबुकला बँकखातं, त्याला एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, त्याला व्हिसा, त्याला मेडिकल. हे सगळं व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे उतरल्या उतरल्या तुम्ही स्वतःच्या नावावर घर घेऊच शकत नाही. मग लोक महिन्याच्या बोलीवर सामानासकट खोली घेतात, ती महाग पडते, आणि खरं घर घेण्याआधीच पुंजी संपते. शाळेच्या जागेचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की पहिल्या रात्रीपासून डोक्यावर छप्पर असतं.

शाळेची जागा घेतलीत तर २,२००चा भत्ता मिळणार नाही, हातात ४,३०० येतील. एकटीचं खाणं, फोन, येणंजाणं, थोडं हिंडणं-फिरणं यात काटकसरीने १,५०० ते १,८०० धरा. उरले २,५००. तुम्ही जो 'निम्मा पगार शिल्लक' म्हणता तो या वाटेनेच शक्य आहे.

पण शाळेची जागा म्हणजे काय ते नीट विचारून घ्या, कारण या दोन शब्दांत खूप काही लपतं. मी स्वतः पहिली दोन वर्षं अशा फ्लॅटमध्ये काढली. दोन बेडरूम, चौघी शिक्षिका. फ्रिजमध्ये प्रत्येकीचा एकेक कप्पा, स्वयंपाकघरात एकेक फळी, त्यावर चिकटपट्टीने लावलेली नावं. सकाळी सव्वासहाला बस यायची, म्हणून पावणेपाचपासून न्हाणीघराची पाळी. माझ्या खोलीतली मुलगी केरळची होती, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, रात्री दहाला दिवा मालवायची. मला वह्या तपासायच्या असायच्या, तर मी स्वयंपाकघरात ओट्यावर वह्या ठेवून उभ्याने तपासायचे. ती मुलगी आज माझी जवळची मैत्रीण आहे. तरीही वयाच्या तिशीत, संसार केलेल्या बाईला अशा घरात परत हॉस्टेलसारखं राहणं सोपं जात नाही. याची मनाची तयारी करून या.

विचारायचं ते असं. खोलीत एकटी की दोघी? वीज-पाणी-इंटरनेट कोण भरतं? पाहुण्याला, नवरा भेटीला आला तर त्याला, राहू देतात का? (बहुधा नाही.) रात्री यायची वेळ ठरलेली आहे का? जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत तिथे राहता येतं की खोली रिकामी करावी लागते? राजीनामा दिला तर किती दिवसांत जागा सोडायची? आणि सगळ्यात महत्त्वाचं: वर्षाच्या मध्ये जागा सोडून भत्ता घ्यायचा झाला तर चालेल का, किती दिवस आधी कळवायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर घ्या. तुमची सगळी योजना त्यावर उभी आहे. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी देणाऱ्याने योग्य राहण्याची सोय द्यावी, किंवा घरभाडे भत्ता रोख द्यावा, किंवा तो पगारात धरलेला असावा. पण एकातून दुसऱ्यात कधी जाता येईल हे ज्याच्या त्याच्या करारावर आहे.

आता शारजाह, म्हणजे दुबईला लागूनचं वेगळं अमिरात. नवरा-बायको दोघं आले की पहिला सल्ला मिळतो, "शारजाहला घर घ्या, स्वस्त पडतं." खरं आहे, बरंच स्वस्त पडतं. व्हिसा दुबईचा असताना शारजाहला राहायला हरकत नाही, हजारो लोक राहतात. दुबईच्या अल नहदा आणि शारजाहच्या अल नहदामध्ये तर फक्त रस्ता आहे. शिवाय शारजाहच्या २०२४च्या कायद्याने भाडेकरूच्या संमतीशिवाय पहिली ३ वर्षं भाडं वाढवता येत नाही. करार तिथल्या नगरपालिकेत नोंदवायचा, त्याची वेगळी फी.

पण त्याची किंमत तुम्ही वेळात भरता. शारजाहला मेट्रो जात नाही. सकाळी दुबईकडे येणारे रस्ते, विशेषतः अल इत्तिहाद रोड, तुंबलेले असतात. शाळा साडेसातच्या आधी भरते. माझ्या विभागातली एक शिक्षिका शारजाहच्या मजाझ भागात राहते, तिची बस पाच वाजून दहा मिनिटांनी येते. लेक झोपलेली असते तेव्हा ती निघते, आणि दुपारी चारला परतते तेव्हा स्वतः झोपेने पेंगुळलेली असते. स्वतःची गाडी घेतली तर दुबईत सालिकचा टोल. जानेवारी २०२५च्या अखेरीपासून गर्दीच्या वेळी एका फाटकाला ६ दिरहम, एरवी बहुतेक वेळ ४. म्हणून मी असं म्हणेन: शाळा दुबईच्या पूर्वेकडे, कुसैस, मुहैसना, मिर्दिफ अशा भागात असेल तर शारजाह चालेल, शाळेची बस तिकडे येते का ते विचारून. शाळा शहराच्या दुसऱ्या बाजूला, जबल अली किंवा स्पोर्ट्स सिटी या भागांत असेल तर शारजाहचा विचारही करू नका, भाड्यात वाचवलेलं शरीर वसूल करतं.

बेडस्पेस (खोलीतली फक्त एक खाट भाड्याने) आणि पार्टिशन यांबद्दलही सांगून ठेवते, कारण आल्यावर कुणीतरी सुचवेलच. एका हॉलमध्ये प्लायवूडच्या भिंती उभ्या करून चार खोल्या करतात आणि महिन्याच्या बोलीवर देतात. स्वस्त असतं. पण परवानगीशिवाय घातलेली पार्टिशनं बेकायदा आहेत, २०२५च्या जूनमध्ये दुबई नगरपालिकेने अनेक भागांत त्यावर मोठी कारवाई केली, आणि आग लागली तर अशा खोलीतून बाहेर पडायला वाट नसते. मूळ भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर दोघांनाही घराबाहेर काढता येतं. मैत्रिणीबरोबर फ्लॅट वाटून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पण मालकाला सांगून, आणि दुबई रेस्ट या सरकारी ॲपवर सहरहिवासी म्हणून तुमचं नाव नोंदवून.

स्वतःचा करार कराल तेव्हा दोन-तीन गोष्टी पक्क्या ठेवा. दुबईत मालकाला मनाला येईल तसं भाडं वाढवता येत नाही. २०१३चा ४३ क्रमांकाचा हुकूम आहे: तुमचं भाडं बाजारभावापेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ शून्य, ११ ते २० टक्के कमी असेल तर जास्तीत जास्त ५ टक्के वाढ, ३० टक्क्यांपर्यंत १०, ४० टक्क्यांपर्यंत १५, आणि त्याहूनही कमी असेल तर २० टक्के, त्यापुढे नाही. बाजारभाव कुठला, ते जमीन विभागाच्या भाडे निर्देशांकावर दिसतं, आणि २०२५पासून तो इमारतनिहाय झाला आहे. शिवाय कराराची कुठलीही अट बदलायची तर मुदत संपण्याच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं. मालकाला घर विकायचंय किंवा स्वतः राहायचंय म्हणून तुम्हाला काढायचं असेल तर १२ महिन्यांची नोटीस, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने. व्हॉट्सॲपवर "पुढच्या महिन्यात खाली करा" आलं तर घाबरायचं कारण नाही. हे माहीत नसल्याने निमूट सामान बांधलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि दरवेळी वाईट वाटतं.

याची दुसरी बाजूही आहे. तुम्हालाही मध्येच करार मोडून जाता येत नाही. नोकरी मार्चमध्ये सुटली आणि करार ऑगस्टपर्यंत असेल, तर भाडं ऑगस्टपर्यंतचं देणं लागता, दोघांच्या संमतीने सुटलात तरच सुटलात. म्हणून करारात एक ओळ घालून घ्या: दोन महिने आधी नोटीस आणि दोन महिन्यांचं भाडं दंड म्हणून दिल्यास घर सोडता येईल. बहुतेक मालक मान्य करतात, पण करताना, नंतर नाही. माझ्या एका सहकाऱ्याची शाळेने कपात केली तेव्हा ही ओळ नव्हती. त्याच्या दोन चेकचे पैसे नोकरी सुटताना मिळालेल्या ग्रॅच्युइटीतून गेले, घर मात्र दोन महिने रिकामं पडलं होतं.

शक्य झालं तर भाड्याचं वर्ष जुलैच्या सुमाराला संपेल असं बघा. शिक्षक नोकरी बदलतात ते सुट्टीच्या तोंडावर, आणि ९० दिवसांची मुदत मग एप्रिलमध्ये येते, जेव्हा पुढच्या वर्षाचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट असतं.

घरात शिरायच्या दिवशी सामान ठेवण्याआधी फोटो काढा. भिंती, ओटा, नळ, एसीची जाळी, दाराचं कुलूप, कपाटाच्या आतलं. तारखेसह, एजंटला त्याच दिवशी ईमेल करा. कुसैसचं घर सोडताना ओट्याच्या संगमरवराला पडलेल्या बोटभर चिरेवरून माझं जवळपास अर्धं डिपॉझिट कापलं होतं. ती चीर मी राहायला गेले तेव्हाही होती. माझ्याकडे फोटो नव्हता. भाडेविषयक तक्रारींसाठी वेगळं न्यायकेंद्र आहे, पण तिथे वार्षिक भाड्याच्या ३.५ टक्के फी, निदान ५०० दिरहम, आधी भरावी लागते. हजार-बाराशेसाठी कोण जातं?

आता ऑफरच्या आकड्यांकडे. बेसिक ३,००० मला कमी वाटतं, आणि ते एवढ्याचसाठी सांगते की इथे पेन्शन नाही. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी, आणि ती मोजतात बेसिकवर: किमान वर्षभर काम झालं की पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक पगार, त्यापुढच्या वर्षांना ३० दिवसांचा. ३,००० बेसिक म्हणजे दिवसाचे १००, वर्षाचे २,१००, पाच वर्षांचे १०,५००. तेच ६,५०० असेच ठेवून बेसिक ५,००० केलं असतं तर पाच वर्षांचे १७,५०० झाले असते. महिन्याच्या पगारात शाळेचा एक दिरहमही वाढत नाही. म्हणून घासाघीस करायची असेल तर एकूण पगारावर नको, बेसिकवर करा. सगळ्या शाळा ऐकत नाहीत, पण गणिताच्या अनुभवी शिक्षकाला विचारायचा अधिकार आहे.

कुटुंबाच्या व्हिसाला तुमचा पगार पुरतो: अट ४,००० दिरहमची आहे, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय. पण नोंदवलेला घराचा करार लागतो, आणि शेअरिंगच्या खोलीवर तो मिळत नाही. आमेर सेंटरमध्ये, म्हणजे व्हिसाची सरकारी कामं होतात त्या केंद्रात, जाऊन आईच्या नावावर मुलीचा आणि नवऱ्याचा व्हिसा करायला कोणती कागदपत्रं लागतील ते आधीच विचारा. लग्नाचा आणि जन्माचा दाखला भारतातून अटेस्ट करून आणणं इथून करण्यापेक्षा कितीतरी सोपं. तुमचा आरोग्य विमा शाळा काढते, तो कायदाच आहे. नवऱ्याचा आणि मुलीचा विमा शाळेवर बंधनकारक नाही, तो बहुधा तुमच्या खिशातून. मुलीची शाळेची फी हा तिसरा मोठा खर्च. शिक्षकांच्या मुलांना सवलत असते, पण किती टक्के, कोणत्या वर्षापासून, बसची फी धरून की वगळून, हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. नवऱ्याने व्हिजिट व्हिसावर येऊन नोकरी शोधायची असेल तर त्याची मुदत आणि खर्च वेगळा धरा, आणि मुलीला त्या फेरीत आणू नका. तो धावपळीचा काळ असतो.

शिकवण्या घेऊन तूट भरून काढू असा विचार मनात असेल, तर परवान्याशिवाय नको. डिसेंबर २०२३पासून खाजगी शिकवणीसाठी इथे अधिकृत परवाना मिळतो, फुकट, २ वर्षांचा. शाळेचं ना-हरकत पत्र लागतं. त्याशिवाय शिकवणी घेतलीत तर दंड आहे, आणि नोकरीही जाऊ शकते. दहावीच्या गणिताला मागणी चांगली असते. पण पहिल्या सहामाहीत तुम्हाला तेवढी ताकद उरणार नाही, हे मी गृहीत धरते आहे.

राहणीमानाबद्दल थोडं मनापासून. पहिले चार-पाच महिने प्रत्येक वस्तू तुम्ही रुपयांत मोजाल. कोथिंबिरीची जुडी, रिक्षाऐवजी टॅक्सी, केस कापणं. मोजून मोजून माणूस खायचं कमी करतो. एक मुलगी दोन महिने खिचडीवर काढून चक्कर येऊन वर्गात पडली होती. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ला एक डॉलर, म्हणून इथल्या इथे तो हलत नाही. हलतो तो रुपया. खर्च दिरहममध्येच बघा, रुपयांत फक्त जे घरी पाठवायचं ते. ठरलेली रक्कम पगाराच्या दिवशीच पाठवा, भारतातल्या कर्जाचा हप्ता असेल तर तो आधी. इथे पगारावर आयकर नाही हे खरं, पण घरभाडं हाच इथला कर समजून चला.

आणि कपाटभर सामान आणू नका. जाणारी कुटुंबं फ्रिजपासून कुंड्यांपर्यंत सगळं अर्ध्याहून कमी किमतीत विकतात, जूनमध्ये तर नोटीस बोर्ड भरलेले असतात. प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणं, मुलीची एखादी आवडती चादर, आणि तुमची अटेस्ट केलेली सगळी कागदपत्रं हँडबॅगेत.

या आठवड्यात शाळेला एकच ईमेल पाठवा. शेअरिंगच्या जागेचे वर लिहिलेले प्रश्न, जागेवरून भत्त्यावर येण्याची अट, बेसिक वाढवायची विनंती, फीची सवलत, तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी, आणि एप्रिलमध्ये रुजू झाल्यास पहिल्या उन्हाळी सुट्टीचा पगार पूर्ण मिळतो का. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असतं, त्या काळात शाळेने काढलं तर तिला १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. तुम्ही इथेच दुसरी नोकरी घेऊन सोडलीत तर तुम्हाला महिन्याची. प्रोबेशन संपेपर्यंत चार चेकचं घर घेऊ नका. उत्तर आलं की इथे आकडे टाका, मी परत हिशेब मांडून देईन. नवऱ्याचं क्षेत्र कोणतं तेही लिहा, त्यावरून कुठल्या भागात घर बघायचं ते सांगता येईल.